जुनी लहान शस्त्रे : ओळख, संग्रह आणि नोंद



आपल्याकडे हळद लागली की नवरदेवाला एकट्याला बाहेर जाऊ देत नाहीत आणि त्याच्या हातात काहीतरी लोखंडी देतात. कुठे कट्यार, कुठे सुरी, आणि दोन्ही नसेल तर सरळ सरोता, म्हणजे पुस्तकी मराठीतला अडकित्ता. टोकाला लिंबू खोचलेलं असतं. लग्न आटोपलं की कट्यार ज्या घरची असेल त्या घरी परत जाते. पुष्कळदा अख्ख्या भावकीत मिळून एकच कट्यार असते, आणि पुढचं लग्न निघेपर्यंत ती कोणाच्या तरी लोखंडी पेटीत फडक्यात गुंडाळून पडलेली असते.

ती कट्यार कुणी घडवली, कोणत्या काळातली आहे, घरात कशी आली? विचारून पाहा. "आजोबाच्या आजोबाची हाय" एवढंच उत्तर मिळेल. मग एखाद्या वर्षी जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं घर बांधायला काढतात, माळ्यावरचं सगळं सामान अंगणात येतं आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसोबत ती कट्यारही भंगारवाल्याच्या काट्यावर जाते. तो लोखंडाचा भाव देतो. त्याच्या लेखी कट्यार आणि मोडका फाळ दोन्ही सारखेच. त्याचं चूक म्हणता येत नाही, कारण त्या वस्तूबद्दल सांगायला घरच्यांजवळही काही नसतं.

आजच्या पाठात आपण अशाच लहान पात्याच्या जुन्या शस्त्रांची माहिती घेऊ. ती ओळखायची कशी, जपायची कशी, कायदा काय म्हणतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांची नोंद कशी करायची.

लहान शस्त्र कशाला म्हणायचं?

तलवार, भाला, दांडपट्टा ही लांब शस्त्रं. कमरेच्या शेल्यात खोचता येईल, बाहीत लपवता येईल किंवा मुठीत मावेल ते लहान शस्त्र. अंतर राखून लढताना लांब शस्त्र कामी यायचं. शत्रू अंगाला भिडला की तलवार फिरवायला जागा उरत नाही, तेव्हा लहान पातं बाहेर निघायचं. पण युद्ध हा याचा एकच भाग झाला. लहान शस्त्र रोज अंगावर असायचं, म्हणून ते मानाचं चिन्हही झालं. दरबारात एखाद्याचा सन्मान करताना वस्त्रांसोबत कट्यार दिली जाई. त्यामुळे काही कट्यारींवर इतकं सोन्याचं काम असतं की ती लढाईसाठी केलीच नव्हती हे बघताक्षणी कळतं.

कट्यार आधी नीट समजून घेऊ, कारण आपल्या भागात तीच जास्त सापडते. चाकूची किंवा सुरीची मूठ पात्याच्या रेषेत असते. कट्यारीचं तसं नाही. तिला दोन बाजूंना दोन सरळ पट्ट्या असतात आणि त्यांच्या मधोमध एक किंवा दोन आडव्या दांड्या. मूठ या आडव्या दांडीभोवती वळते. म्हणजे हाताची मूठ आवळली की पातं मनगटाच्या सरळ रेषेत पुढे येतं, आणि बुक्की मारावी तसा वार करता येतो. सुरीने भोसकताना मनगट वळतं, जोर कमी पडतो. कट्यारीत अख्ख्या हाताचा आणि खांद्याचा जोर टोकावर येतो. टोक पाहा, पुष्कळ कट्यारींत ते बाकीच्या पात्यापेक्षा जाड असतं. चिलखत लोखंडी कड्यांचं असे. पातळ टोक त्यात वाकलं किंवा मोडलं असतं. जाड टोक कडी फोडून आत शिरतं. मुद्दाम जाड केलेलं टोक दिसलं तर समजायचं की घडवणाऱ्याच्या डोळ्यापुढे चिलखत होतं.

दख्खनच्या आणि दक्षिणेच्या काही कट्यारींत आणखी एक गंमत दिसते. पातं मुठीसोबत एकसंध घडवलेलं नसतं, खाली रिव्हेट मारून जोडलेलं असतं. हे पातं बऱ्याचदा युरोपातून आलेलं. तिकडच्या तलवारींची पाती आपल्याकडे व्यापारातून येत. त्यांना फिरंग म्हणत, आणि त्यावरून तशा तलवारीचंही नाव फिरंग पडलं. लांब पातं तुटलं तर त्याचा तुकडा फेकायचा कशाला? तो कट्यारीला जोडला जाई. तेव्हा घरच्या कट्यारीच्या बुडाशी रिव्हेट दिसले तर 'मोडकी आहे, नंतर जोडली आहे' असं लगेच ठरवू नका.

बिचव्याचं नाव विंचवावरून पडलं. पातं नांगीसारखं दोनदा वळलेलं, दोन्ही बाजूंनी धार, आणि मूठ म्हणजे लोखंडाचं एक लांबट कडं, ज्यात बोटं घालायची. जनावराच्या वाकड्या शिंगापासून केलेल्या खंजिरावरून हा आकार आला असं जाणकार मानतात. शिंगाला जसा निसर्गतः बाक असतो तसाच बिचव्याला आहे.

बाकीची नावं थोडक्यात सांगतो. खंजिराचं पातं वळणदार आणि दुधारी असतं. जांबिया अरबस्तानातून आला. रुंद, एका बाजूला झोकदार वळलेला आणि पात्याच्या मधोमध उठलेली शीर. पेशकब्ज इराण-अफगाणिस्तानकडचं, एकधारी, पाठीला जाड कणा आणि टोकाकडे एकदम निमुळतं होत गेलेलं; तेही चिलखताच्या कड्यांसाठीच. गुप्ती म्हणजे काठीत लपवलेलं पातं. तिला लहान शस्त्र म्हणायचं की नाही यावर वाद घालता येईल, पण लपवण्याच्या शस्त्रांत ती येतेच. आणि वाघनखं. एका पट्टीवर चार किंवा पाच वाकड्या नख्या, पट्टीच्या दोन टोकांना बोटात घालायच्या अंगठ्या. मूठ मिटली की नख्या तळहातात लपतात आणि बाहेरून फक्त अंगठ्या घातल्यासारख्या दिसतात.

याशिवाय अगदी छोट्या, निव्वळ प्रतिकृती असतात. देवघरातल्या मूर्तीच्या हातातलं चांदीचं खड्ग, त्रिशूळ. मोठ्या घरच्या मुलांसाठी केलेल्या बोटभर कट्यारी. आणि आजकाल दुकानांत मिळणारे कट्यारीच्या आकाराचे कागद कापायचे चाकू. संग्रह करणारे यांनाही जागा देतात, फक्त वेगळ्या कप्प्यात.

शेतातली अवजारं यात येतात का? विळा, कोयता, खुरपं, कुऱ्हाड, घरातली पावशी (पुण्याकडची विळी). माझं उत्तर आहे, संग्रहात यावीत, शस्त्र म्हणून नाही, पातं म्हणून. खंडेनवमीला आपण ती तलवारीच्या मानाने पूजतोच. आणि शस्त्र घडवणारा लोहार आणि विळा घडवणारा लोहार हे बहुधा एकाच भट्टीवरचे.

दूरच्या देशातही हेच

फिलिपाईन्स हा सात हजारांहून जास्त बेटांचा देश आहे. तिथला बोलो म्हणजे आपला कोयताच. त्याने नारळ फोडतात, रान साफ करतात, आणि इतिहासात त्याच पात्याने लढायाही झाल्या. १५२१ मध्ये मॅगेलन हा दर्यावर्दी तिथल्या मॅक्तान बेटावर स्थानिक लोकांशी लढताना मारला गेला. तिथे लहान शस्त्रांची मोठी परंपरा आहे. दक्षिणेकडच्या मिंदानाओ आणि सुलू भागातला गुनोंग हा कमरेला खोचायचा छोटा खंजीर. तिथल्या कालिस नावाच्या मोठ्या तलवारीची ती लहान आवृत्ती, कधी सरळ पात्याची तर कधी नागमोडी. बातांगास प्रांतातला बालिसोंग म्हणजे दोन पाख्यांच्या मुठीत मिटणारा चाकू. ही शस्त्रं जमवणारे लोक जगभर आहेत, आणि ते आधी एकच प्रश्न विचारतात : हे कोणत्या बेटावरचं, कोणत्या समाजाचं? नुसतं 'फिलिपिनो खंजीर' म्हटलं की त्यांचं समाधान होत नाही.

शेजारच्या नेपाळची खुकरीही बघा. तिच्या म्यानाला मागे दोन छोटी पाती अडकवलेली असतात. एक कर्दा, बारीकसारीक कामाची छोटी सुरी. दुसरं चकमक, बोथट, खुकरीची धार नीट करायला आणि गारगोटीवर ठिणगी पाडायला. खुकरी विकत घेणाऱ्यांचं लक्ष मोठ्या पात्याकडे असतं आणि ही दोन छोटी हरवतात. मग संच अपुरा राहतो.

आपल्याकडे अजून 'हे कोणत्या गावचं' असं विचारायची सवय लागलेली नाही. पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात कट्यार विकायला येते तेव्हा विक्रेता 'मराठा कट्यार, शिवकालीन' एवढं ठोकून सांगतो. ती चिखलीच्या वाड्यातली की राजस्थानातून परवा आलेली, हे कळायचा मार्ग तोपर्यंत बंद झालेला असतो.

एका डबीवरची अक्षरं

नोंदीचं महत्त्व काय असतं हे समजायला वाघनखांचंच उदाहरण घेऊ. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली आणि १९ जुलैपासून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लोकांना पाहायला मिळाली. पुढे २०२५ मध्ये ती आपल्या विदर्भात, नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजबबंगल्यातही मांडली गेली. तुमच्यापैकी काहींनी ती पाहिलीही असतील.

ही वाघनखं ग्रँट डफ यांच्या घराण्यातून त्या संग्रहालयाकडे गेली. जेम्स ग्रँट डफ हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर तो साताऱ्याला नेमला गेला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच, त्याचं पुस्तक १८२६ मध्ये प्रसिद्ध झालं. वाघनखांसोबत एक डबी आहे आणि त्या डबीवर इंग्रजीत मजकूर आहे. त्याचा आशय असा : हे शिवाजीचं वाघनख, याने त्याने मोगल सेनापतीला मारलं, आणि साताऱ्याला रेसिडेंट असताना जेम्स ग्रँट डफ यांना ते पेशव्याच्या प्रधानाने दिलं.

आता इतिहासाचा तास आठवा. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी महाराजांनी ज्याला मारलं तो अफजलखान कोणाचा सरदार होता? विजापूरच्या आदिलशाहीचा. मोगलांचा नव्हे! म्हणजे ज्या मजकुरावर या वस्तूची सगळी ओळख उभी आहे, त्यातच ढोबळ चूक आहे. शिवाय १६५९ ते १८१८ ही मधली दीडशेहून जास्त वर्षं ती कोणाकडे होती याबद्दल डबी गप्प आहे. म्हणूनच, हीच ती महाराजांनी वापरलेली वाघनखं आहेत असं खात्रीने सांगता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच म्हणतं. आपल्याकडेही यावर भरपूर वाद झाला.

यातून दोन गोष्टी कळतात. ती डबी नसती तर कुणी त्या वस्तूकडे दोनदा वळूनही पाहिलं नसतं; तशी वाघनखं इतर संग्रहांतही आहेत. चार ओळींच्या मजकुराने तिला वेगळं केलं. आणि त्याच चार ओळी काळजीने लिहिल्या असत्या, कोणाकडून, कोणत्या साली, त्याच्याकडे कशी आली, एवढं विचारून लिहिलं असतं, तर आजचा निम्मा वाद झालाच नसता. लिहिणारा इंग्रज होता, साहेब होता, म्हणून त्याचं लिहिलेलं बरोबरच असेल असंही नाही.

जमवणारा माणूस

संग्रह करणारा म्हटलं की आपल्यासमोर राजे-महाराजे येतात. पण महाराष्ट्रातला एक मोठा संग्रह पुण्यात चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाने उभा केला. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०). ते 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी संग्रहालय केलं आणि १९७५ मध्ये ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलं. पुण्याला बाजीराव रस्त्यावरचं 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' ते हेच.

केळकरांनी शस्त्रंही जमवली, पण त्यांची खरी नजर रोजच्या वापरातल्या वस्तूंवर होती. दिवे, कुलपं, दौती, वाद्यं, दारांच्या चौकटी आणि अडकित्ते. त्यांच्या संग्रहातले अडकित्ते पाहिले की लक्षात येतं, सुपारी कापायच्या एवढ्याशा पात्यावर कारागिराने किती जीव ओतलाय. कुठे मोर, कुठे घोडा, कुठे जोडपं. मला विचाराल तर लहान पात्यांचा संग्रह सुरू करणाऱ्याने कट्यारीच्या मागे लागण्याआधी सरोत्यापासूनच सुरुवात करावी. कायद्याची भानगड नाही, किंमत परवडणारी, आणि आपल्याकडे आजीच्या चंचीत अजून सापडतो.

आपल्या जिल्ह्यात काय सापडू शकतं?

बुलडाणा जिल्ह्याला इतिहास कमी नाही. सिंदखेड राजा हे लखुजी जाधवांचं ठाणं; जिजाऊ माँसाहेबांचा जन्म तिथलाच, १२ जानेवारी १५९८ चा. पुढे १६२९ मध्ये लखुजी जाधवांची दौलताबादला निजामशाही दरबारात दगा करून हत्या झाली. सिंदखेड राजा तालुक्यातलंच साखरखेर्डा तुम्हाला माहीत आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये तिथे निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांची मोठी लढाई झाली. मुबारिजखान पडला, निजामाची दख्खनवर पकड बसली आणि हैदराबादच्या राज्याचा पाया घातला गेला. जिंकल्यावर निजामाने गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं. शेजारच्या अकोला जिल्ह्यात, अडगावला, १८०३ च्या नोव्हेंबरात इंग्रज आणि भोसले-शिंदे यांची लढाई झाली. सैन्यं या वाटांवरून सतत जात-येत होती.

मग या सगळ्याच्या खुणा घराघरांत का दिसत नाहीत? एक कारण असं की इंग्रजी अमलात, विशेषतः १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर, लोकांकडची शस्त्रं कमी होत गेली. लांब तलवार लपवणं कठीण. लहान कट्यार टिकली ती बहुधा लग्नातल्या मानामुळे. नवरदेवाच्या हातातली वस्तू कोण काढून घेणार?

म्हणून घरच्या कट्यारीकडे आधी लग्नातली वस्तू म्हणूनच बघा. टोकाला काळपट डाग असेल तर तो पिढ्यान्‌पिढ्या खोचलेल्या लिंबाचा असू शकतो. लिंबाचं आम्ल पोलाद काळवंडून टाकतं. हा डाग म्हणजे घाण नव्हे. हाही त्या वस्तूच्या इतिहासाचा भाग आहे.

खरं-खोटं

अमुक एक खूण दिसली की जुनं, असा सोपा नियम नाही. तरी काही गोष्टी पाहाव्यात. जुनी लोखंडी मूठ घणाने ठोकून घडवलेली असते; साच्यात ओतलेल्या पितळी मुठीला कडेने एक बारीक रेघ राहते, जिथे साच्याचे दोन भाग मिळतात. कारखान्यातल्या वेल्डिंगचे थेंब दिसले तर प्रश्न मिटला. खरा जुना गंज असमान असतो : जिथे हात लागतो तिथे कमी, सांध्यात जास्त. सगळीकडे एकसारखा तांबूस गंज असेल तर तो बहुधा ॲसिड लावून आणलेला असतो.

पोलादावरच्या नागमोडी नक्षीला जौहर म्हणतात. हे खास भारतीय पोलाद. आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत ते मुशीत तयार होई आणि इराणपर्यंत जाई. पोलादाच्या घडणीतून येणारी ही नक्षी वरवर घासली तरी पुरती जात नाही, पॉलिशमुळे फिकी होते इतकंच. नकली नक्षी ॲसिडने वरच्यावर कोरलेली असते आणि ठरावीक अंतराने तीच ती येते. सोन्याच्या तारेचं काम असेल तर त्याला कोफ्तगरी म्हणतात. पृष्ठभाग बारीक खरवडून त्यावर तार ठोकून बसवलेली असते. बोटाने हलकेच जाणवते. रंगवलेलं सोनं जाणवत नाही.

जपायचं कसं

इथे आपल्या लोकांकडून सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि तेही प्रेमापोटी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पेटी उघडतात, चिंच आणि राखेने पातं लख्ख घासतात, वरून हळदी-कुंकू लावतात आणि तसंच ओलं फडक्यात गुंडाळून ठेवून देतात. वर्षभराने उघडलं की कुंकवाच्या जागी खड्डे! पूजा जरूर करा. झाली की कोरड्या सुती कापडाने पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. सँडपेपर, लिंबू, धार लावणाऱ्याचं चाक यांपासून दूर ठेवा. धार काढली की जुना पृष्ठभाग गेला, आणि तो परत येत नाही.

चामड्याच्या म्यानात पातं कायमचं ठेवू नका, चामडं ओल धरतं. म्यान शेजारी, पातं वेगळं. काही कट्यारींची आणि खंजिरांची मूठ आतून लाखेने बसवलेली असते, त्यामुळे उन्हात वाळवणं किंवा गरम पाण्यात बुडवणं नको. लाख सैल होते आणि मूठ हलायला लागते. घामट हाताने पात्याला हात लावला तरी चार दिवसांनी बोटांचे ठसे गंजाच्या रूपात उमटतात. हा प्रयोग लोखंडी खिळ्यावर करून पाहा, विज्ञानाच्या वहीत लिहायला बरा आहे.

कायदा

हा भाग मोठ्यांसोबत वाचा.

शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याच्या नियमांप्रमाणे ज्याचं पातं ९ इंचांपेक्षा (सुमारे २३ सें.मी.) लांब किंवा २ इंचांपेक्षा (सुमारे ५ सें.मी.) रुंद आहे अशी तलवार, खंजीर, सुरा वगैरे धारदार शस्त्रांच्या वर्गात येतात आणि शासनाने जाहीर केलेल्या भागात ती बाळगायला परवाना लागतो. घरकामाची, शेतीची अवजारं आणि निव्वळ खेळणी यांतून वगळली आहेत. 'लांब किंवा रुंद' यातला 'किंवा' नीट वाचा. कट्यार लांबीने छोटी असली तरी बुडाशी २ इंचांहून रुंद असू शकते. गुप्तीचं नाव तर या यादीत वेगळं येतं. घरात असं काही असेल तर लपवण्यापेक्षा वडीलधाऱ्यांनी ठाणेदारांना भेटून विचारलेलं बरं.

माप कमी असलं तरी ते रस्त्यावर मिरवायचं नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणावाराला, निवडणुकीला शस्त्र घेऊन फिरण्यावर बंदीचे आदेश निघतात. तलवारीने केक कापून व्हिडिओ टाकला म्हणून गुन्हा दाखल झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. त्यात मुलं तुमच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असतात.

शंभर वर्षांहून जुनी कलात्मक किंवा ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ती परदेशात पाठवता येत नाही आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. पुण्याला किंवा दुबईला असलेला कुणी पाहुणा 'मी घेऊन जातो' म्हणाला तर पहिला जाऊ शकतो, दुसरा नाही.

आणि शेतात सापडलं तर? नांगरताना, विहीर खोदताना जुनं पातं, नाणी, भांडं निघालं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये ही रक्कम त्या काळची, पण कायदा चालू आहे. व्यवहारात तहसील कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या. सापडलेल्या जागेचा फोटो आधी काढा, वस्तू नंतर हलवा. साखरखेर्ड्याच्या एखाद्या शेतात मिळालेलं पातं कोणत्या धुऱ्याजवळ, किती खोल होतं हे माहीत असेल तर ते इतिहासाच्या कामाचं. उचलून घरी आणलं आणि जागा विसरली, तर उरलं फक्त गंजकं लोखंड.

नोंद कशी करायची

शाळेत कोणीही पातं आणायचं नाही. फोटो आणि नोंद आणायची. वस्तू पांढऱ्या कापडावर ठेवून शेजारी पट्टी ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मूठ आणि टोक जवळून घ्या. मग लिहा. ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं ठेवा. 'शिवकालीन' हा शब्द कोणी सांगितला तर सांगणाऱ्याच्या नावाने लिहा, आपल्या नावाने नाही. घरात काय नाव वापरतात तेच लिहा, इळा म्हणत असतील तर इळा. घडवणारा आठवत असेल तर गावातला लोहार की बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला भट्टी लावणारे घिसाडी, तेही विचारा. वस्तू विकायचीच ठरली तर नोंदीची एक प्रत घेणाऱ्याला द्या, एक घरी ठेवा. विकत घेणारा नोंद नको म्हणाला तर तो का नको म्हणतो याचा विचार करा.

नमुना म्हणून एक काल्पनिक नोंद देतो :

वस्तू : कट्यार. घरचं नाव 'लग्नाची कट्यार'. एकूण लांबी ३४ सें.मी., पातं १९ सें.मी., बुडाशी रुंदी ५.५ सें.मी. (परवान्याबद्दल वडील ठाण्यात विचारणार आहेत.) मूठ लोखंडी, आडव्या दांड्या दोन, त्यांतली एक वाकलेली. पात्याच्या बुडाशी दोन रिव्हेट. टोक जाड, त्यावर २ सें.मी. काळा डाग. म्यान नाही, आजी म्हणते, लाल मखमलीचं होतं, उंदरांनी खाल्लं. कोणाकडून आली : आजोबांना त्यांच्या मोठ्या काकांकडून, घर वाटणीत. त्याआधीचं माहीत नाही. आजी म्हणते, 'राजवाड्यातली आहे.' याला दुसरा आधार मिळाला नाही. शेवटचा वापर : चुलत भावाच्या लग्नात, गेल्या वैशाखात. सांगणार : आजी, वय ७८. लिहिणार : मी, इयत्ता नववी. तारीख घातली आहे.